दोन बोटं माया

लहान मुलाचा कपडा घ्यायची वेळ आली की मी आधी तो उलटा करते. रंग, नक्षी, छातीवरचा ससा हे सगळं नंतर. आतली शिवण चाचपते, खालची दुमड बोटाने मोजते आणि बहुतेक वेळा घडी घालून परत देते. दुकानातला मुलगा म्हणतो, "काकू, हा पीस खूप चाललाय." चालला असेल. पण शिवणीत माया नाही. कडेला ओव्हरलॉक मारलाय, त्या मशीनच्या सुरीने जास्तीचं कापड जाता जाता छाटून टाकलंय, आणि खाली जेमतेम अर्ध्या इंचाची दुमड. चार वर्षांच्या पोरीला असा फ्रॉक यंदा घेतला तर पुढच्या वर्षी तो आखूड होतो, आणि उसवून लांब करावा म्हटलं तर आत सोडायला काही नसतंच.

यात कारखानदाराची लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. तयार कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा. थरावर थर रचून ढिगाने फ्रॉक एकदम कापले जातात, तिथे नगामागे दोन बोटं कापड वाचलं तरी त्याचे तागे होतात. त्याने त्याचा हिशेब केला. आपण आपला करायला नको का? मुलाचा कपडा मुलाबरोबर वाढला पाहिजे. तसा शिवता येतो, त्याला फार कापड लागत नाही, आणि जे लागतं ते बऱ्याच घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून असतं.

इचलकरंजीत लेडीज टेलरिंगचं दुकान चालवण्यात माझं आयुष्य गेलं. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि मधल्या वेळात पोराटोरांचे कपडे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला ते हे गाव. मागाच्या खडखडाटात इथली पोरं झोपतात. माग बंद पडला तर जागी होतात. कापडाचं आम्हाला अप्रूप नाही, तरी तुकडा मात्र फेकवत नाही. ताग्याचं शेवटचं टोक, तेलाचा डाग पडलेला भाग, विणताना धागा तुटून राहिलेला पट्टा, असलं सगळं कटपीस म्हणून वजनावर जातं. त्यातलं कोरं पॉपलीन किंवा केंब्रिक झबल्याला फार छान. फक्त शिवण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढायचं. खळ निघून गेली पाहिजे आणि आटायचं तेवढं आधीच आटलं पाहिजे.

माझ्या लहानपणी दिवाळीला वडील एकच तागा आणायचे. त्यात भावांचे शर्ट, आम्हा बहिणींचे फ्रॉक आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे. पाहुणे आले की मी उशीजवळ बसायचं टाळायची, कारण मी कुठे संपते आणि उशी कुठे सुरू होते हे त्यांना कळायचं नाही. आजीच्या गोष्टी त्याच्याही मागच्या. १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, त्या कंट्रोलच्या दिवसांत धोतराचा पंचा व्हायचा, पंच्याचं झबलं, झबल्याचा लंगोट आणि लंगोटाचं फडकं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. टंचाईत हौस नसते.

आता टंचाई नाही, ढीग आहे. भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा तयार होतो, असा 'फॅशन फॉर गुड' या संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. ७८ लाख टन म्हणजे केवढं ते माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. ओटीचे ब्लाउजपीस मात्र लगेच येतात. वास्तुशांत, डोहाळजेवण, मंगळागौर, चैत्रातलं हळदीकुंकू. प्रत्येक ठिकाणी नारळ-तांदळाबरोबर एक पीस पदरात पडतो. त्यातले निम्मे अंगाला लागताच घाम फुटेल असे. ते कुणी शिवत नाही. पुढच्या हळदीकुंकवाला ते पुढच्या घरी जातात आणि एखादा गावभर फिरून आपल्याच ओटीत परत येतो. पण त्याच पिशवीत चांगले सुती पीसही असतात. ओळखायचं कसं? कडेचे दोन धागे काढून चिमट्यात धरून पेटवायचे. कागद जळल्याचा वास येऊन राख झाली तर सुती. वितळून टोकाला काळा मणी धरला तर तो पीस खुशाल पुढे पाठवावा. ऐंशी सेंटिमीटर सुती पीसात वर्षाच्या बाळाचा फ्रॉक होतो, नाहीतर दोन झबली.

गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतली एक सूनबाई पिशवी घेऊन आली. "काकू, माझ्या ड्रेसचं एवढंच उरलंय. पिल्लूचं काही होईल का?" हिरव्या छापाचं सुती कापड, अर्ध्या मीटरच्या आसपास, तेही एका बाजूने मुंढा कापून गेलेलं. म्हटलं, ठेव, बघते. तिच्याच ओटीतला एक मोहरी रंगाचा पीस मागून घेतला.

तुकडा हातात आला की आधी उभा धागा शोधायचा. किनार असेल तर प्रश्न नाही. नसेल तर दोन्ही दिशांनी ताणून बघायचं. उभा धागा कमी ताणतो. घेर तिरका कापला गेला तर दोन धुण्यांत फ्रॉक एका अंगाला लोंबतो, मग कितीही इस्त्री करा. पिल्लूची छाती एकवीस इंच, फ्रॉकची लांबी अठरा. हिरव्यात घेर बसला, पण जोड देऊन. जोड मी मागे लपवला नाही. दोन्ही बाजूंना मोहरी रंगाची एकेक कळी घातली आणि ती मुद्दाम घातली असं दिसेल अशी घातली. वरचा योकही मोहरी, आतून जुन्या मलमलीचं अस्तर. खांद्याला शिवण न देता पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टीला एकापुढे एक तीन काजं. बटण एकेक काज पुढे सरकलं की खांदा लांबतो. बाह्या असत्या तर काखेत चौबगला घातला असता. जुन्या बंड्या आणि पैरणी अशाच असत: सगळ्या सरळ पट्ट्या, मुंढ्याला गोलाई नाही म्हणून चिंधी निघत नाही, आणि हात वर जावा म्हणून काखेत तो चौकोनी तुकडा तिरका बसवलेला. आजच्या कटिंगच्या क्लासात चौबगला कुणी शिकवत असेल तर मला त्या बाईंना भेटायचंय.

खाली तीन इंचांची दुमड आणि तिच्या वर अर्ध्या-अर्ध्या इंचाचे दोन टक घातले. टक म्हणजे कापडाला आडवी घडी घालून मारलेली टीप. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. एक टक उसवला की फ्रॉक एक इंच खाली येतो, दुसरा उसवला की आणखी एक, आणि शेवटी दुमड. मिळून चार-साडेचार इंच हाताशी राहतात. मुलं उंचीला भराभर वाढतात, पण छाती वर्षाला अर्धा-पाऊण इंचच वाढते. म्हणून बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया ठेवली की दोन-तीन वर्षं निघतात. टीपही तिथे जरा मोठी मारायची, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही. दुमड सोडल्यावर जुन्या घडीची रेघ राहते. आतला रंग उन्हापासून वाचलेला असतो, तो आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. त्या रेघेवर नागमोडी लेस लावायची किंवा रंगीत दोऱ्याचा धावदोरा घालायचा. पाच वर्षांची झाल्यावर तीच पोर तोच फ्रॉक लेगिंगवर कुर्ता म्हणून घालील. आणि टक उसवायला शिंपी लागत नाही. आमच्या जावयांनी क्रिकेटची मॅच बघता बघता नखाएवढ्या कात्रीने उसवलाय, एकही धागा न दुखावता.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथे नव्यापेक्षा जुनं बरं. बाळंतविड्यातली पहिली झबली, टोपरी, दुपटी जुन्या सुती लुगड्याची करतात ती उगीच नाही. शंभर धुण्यांतून निघालेलं सूत अंगाला लागतच नाही. पण जुनं म्हणजे विरलेलं नव्हे. लुगडं उजेडासमोर धरायचं, मग दोन्ही अंगठ्यांनी ताणायचं. चर्र झालं की तो भाग पायपुसण्याला. पायाशी घासणारा आणि बसण्याचा भाग आधी जातो, आत खोचला जाणारा पहिला वेढा शेवटपर्यंत टिकतो. पहिल्या झबल्याच्या शिवणी मी बाहेरच्या अंगाला ठेवते. दिसायला उलटं दिसतं, सासवा एकदा तरी टोकतात, पण बाळाच्या पाठीला दोरा लागत नाही. बटण नको, ते तोंडात जातं. पाठीशी आखूड बंद पुरेत. टोपऱ्याचे बंदही बोटभरच. लांब बंद फोटोत छान दिसतात आणि गळ्याशी अडकतात. जरीचा काठ बाळाच्या अंगाजवळ नकोच. कुंचीला बाहेरून लावा, हौस तिथे फिटते.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जुनं ते सगळं सोनं असा माझा सूर आहे. तसा नाही. माझ्याकडे काज-बटणाला आणि हातशिलाईला एक बाई यायच्या. त्यांच्या नातीला काही शिवायचं निघालं, माझ्या लेकीचा एक परकर कपाटात होता, चांगला होता. त्या म्हणाल्या, "वैनी, कटपीसचं शिवू. उतरलेलं नको. आमच्या आईनं आयुष्यभर उतरलेलंच नेसलं." कटपीसचं शिवलं. जुनं कापड सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं नाही. कुणाला ते आजीची आठवण म्हणून येतं, आणि गावकीत काहींना ते वरून टाकलेलं म्हणून घ्यावं लागायचं. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांशी नेसण्या-राहण्याविषयी मुद्दाम बोलणं केलं, तेही उगीच नाही. म्हणून साधेपणाचे धडे देणाऱ्यांनी आपण कुणाला ते देतोय हे जरा बघावं. आपल्या घरातली आजीची साडी आपल्या नातवाला. दुसऱ्याच्या लेकराला शिवून द्यायचं तर कोरं कापड. ते वजनावर घेतलेलं असलं तरी नवंच असतं.

आणि दुसऱ्या टोकाला बुटिकं आहेत. नेसण्याजोगी पैठणी कापून तीन वर्षांच्या मुलीचं परकर-पोलकं शिवायचं, त्याला पर्यावरणाची चिठ्ठी लावायची आणि काही हजार रुपये घ्यायचे. पोर ते एकदा घालते, काखेत जर टोचते म्हणून रडते आणि फोटो काढून झाल्यावर आई ते काढते. हौसेला मोल नाही हे मान्य, पण त्याला काटकसर म्हणू नका. परकर-पोलक्याला खणाचं कापड पुरतं. ते सुती मिळतं आणि काठ अंगचेच असतात.

स्वेटरचं थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे थंडी तशी बेताचीच. हाताने विणलेला जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचा मुलाचा होतो. उसवलेली लोकर कुरळी असते. तिची लड बांधून कोमट पाण्यात बुडवायची, मग खाली हलकं वजन बांधून सावलीत टांगायची, सरळ होते. विणायला गळ्यापासून खाली सुरुवात करायची. मग पुढच्या वर्षी बाहीचं आणि घेराचं टोक उचलून चार ओळी वाढवता येतात. दुकानातला मशीनचा स्वेटर उसवायला घेण्याआधी मात्र बाजूची शिवण बघावी. ओव्हरलॉक असेल तर तो कापून शिवलाय. त्यातून वीतभर लांबीचे तुकडे हाती येतील आणि मन खट्टू होईल.

स्वस्त पडतं का, हे सगळे विचारतात. सरळ उत्तर: मजुरी धरली तर नाही. रस्त्यावर दीडशे-दोनशेला फ्रॉक मिळतो आणि शिंपी शिलाईच तेवढी मागेल. मागू दे. लहान मापाला शिलाई कमी हा गिऱ्हाइकांचा जुना गैरसमज. फ्रॉकला मोठ्या ड्रेसइतकेच भाग असतात, आणि सहा इंचांच्या गळ्याला उरेप पट्टीची पायपीन एकदा लावून बघा, मग भाव करा. मात्र दीडशेचे तीन फ्रॉक तीन वर्षांत जाणार आणि हा एक तेवढी वर्षं राहून धाकट्या बहिणीकडे जाणार असेल, तर हिशेब वेगळा होतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी तयारच घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. फक्त घेताना उलटा करून बघावा. दहा बायकांनी दुकानात दुमड मोजायला सुरुवात केली तर दुकानदार ती गोष्ट वर कळवतो. रंग पक्का आहे का हे आपणच विचारून विचारून त्यांना सांगायला लावलं ना?

पण एक जागा अशी आहे जिथे माया मागणं आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे शाळेचा गणवेश. सरकारी शाळांतल्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये, म्हणजे एकाला तीनशे, असा हिशेब चालत आलाय. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी वरून केली आणि शिलाई महिला बचत गटांकडे दिली. शिलाईचा दर शंभराच्या आसपास. गणवेश उशिरा पोचले, मापांच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने हे काम पुढच्या वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवलं. बचत गटांतल्या बायकांना शिवता येत नाही असं तेव्हा काही जण म्हणाले. मुलांना उभं करून माप न घेता नुसत्या इयत्तेवरून शिवायचं, तेही त्या दरात. कुठल्याही शिंप्याचं तेच झालं असतं. एकाच वर्गात एक पोर दुसऱ्याच्या खांद्याला लागतं.

आता काम समितीकडे आहे आणि समितीत आईबापच जास्त असतात. त्यांनी शिलाईच्या ऑर्डरमध्ये लिहून द्यावं: स्कर्ट आणि पॅंटला खाली तीन इंच दुमड, पॅंटच्या मागच्या शिवणीत दोन बोटं माया, दुमडीला हातशिलाई. कापड किती जास्त लागेल? दोन पन्ह्यांच्या स्कर्टला नेहमीच्या दुमडीवर तीन इंच वाढवले तर सहा इंच, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. पॅंटला त्याहून कमी. एवढ्याने पोरगी पुढच्या जूनमध्ये तोच स्कर्ट सोडून घालते, आणि त्या वर्षी गणवेश गौरी-गणपती होऊन गेल्यावर आले तरी तिला आखूड स्कर्टमध्ये झेंडावंदनाला उभं राहावं लागत नाही.

मी हे आमच्याकडच्या एका शिंप्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, दुमड ठेवीन, पण हातशिलाईला माणूस कुठनं आणू? मशीनवर टीप मारतो." टीप मारली तर उसवताना दुमडीवर भोकांची रांग राहते, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्याचा प्रश्न खरा आहे. शिलाईचे पैसे ठरवताना हातशिलाईचे दहा रुपये वेगळे धरले तर गल्लीतल्या पाच-सहा बायका दुपारी बसून ते काम उरकतील. त्यांच्यातल्या काहींच्या घरी जिल्हा परिषदेच्या योजनेतलं शिलाई मशीन चादर पांघरून उभं आहे, त्यावर सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतात. समितीची बैठक मार्च-एप्रिलमध्ये होते. ठराव तेव्हा करायचा, पण मापं मात्र जूनमध्ये पोरं शाळेत आल्यावर घ्यायची. सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन ती किती वाढतील याचा नेम नसतो.